ठेवायला जागा, न्यायला वाट

स्कॅन केलेल्या फोटोंचा पेनड्राइव्ह हातात घेताना गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ताई, हे आता नेटवर कुठं ठेवू? फुकट असेल असं काहीतरी सांगा." पूर्वी या प्रश्नाचं उत्तर मी अर्ध्या मिनिटात द्यायची. आता समोरच्याला बसवते, पाणी देते आणि आधी मीच चार गोष्टी विचारून घेते. मधल्या काळात जेजुरीचा एक फोटो माझ्या हातून गेला. त्याची ही हकिगत.

मी लालबागची. १९९६ साली लग्न होऊन मिरा रोडला आले. स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा नव्या इमारतींच्या पलीकडे मिठागरं दिसायची. पहिली काही वर्षं आम्ही भाड्याच्या घरांत काढली, मग बेव्हर्ली पार्कमध्ये स्वतःचं वन रूम किचन झालं. दादरच्या एका कलर लॅबमध्ये मी अकरा वर्षं नोकरी केली. रोल धुऊन आले की निगेटिव्हच्या पट्ट्या कापायच्या, बटर पेपरच्या पाकिटात सरकवायच्या, प्रिंट मोजून गिऱ्हाइकाच्या पाकिटात भरायचे. एखाद्याचा रोल दुसऱ्याच्या पाकिटात जाऊ नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून काम करायचो. कोणाच्या बारशाचे फोटो हरवले तर बारसं पुन्हा करता येत नाही, हे लॅबमधल्या पोरासोरालाही कळत होतं. पुढे डिजिटल कॅमेरे आले, रोल घटले आणि २००७ मध्ये लॅबने माणसं कमी केली. त्यात मी होते.

घरी बसण्यापेक्षा म्हणून एक फ्लॅटबेड स्कॅनर घेतला. काम मिळेल का याची धास्ती होती, पण ते आपणहून दारात आलं. त्याचं कारण होतं २६ जुलै २००५. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडेही तळमजल्यांत पाणी शिरलं. गाद्या, फ्रिज, टीव्ही लोकांनी यथावकाश पुन्हा घेतले. लग्नाचे अल्बम कुठून आणणार? पाण्यातून काढून पंख्याखाली वाळवलेले, एकमेकांना चिकटलेले, कडा विरलेले फोटो लोकांनी दोन-दोन, तीन-तीन वर्षं पिशवीत बांधून जपले होते. त्या पिशव्या माझ्याकडे यायला लागल्या.

२००९ साली तशीच एक पिशवी घेऊन एक सूनबाई आल्या. सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, मुलगा खाजगी नोकरीत, एक लेक बेळगावला दिलेली. पिशवीत साठ-सत्तर फोटो होते आणि त्यातले जेमतेम वीस धड होते. त्यात एक जेजुरीचा. १९९१ मध्ये मुलाचं लग्न झाल्यावर सगळे गडावर गेले होते, तेव्हा पायऱ्यांवर कुणीतरी काढलेला. आजोबांच्या डोक्यावर काळी टोपी, कपाळभर भंडारा, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आणि कॅमेऱ्याकडे बघण्याऐवजी ते डावीकडे, नव्या सुनेकडे बघत होते. "बाबांचा हा एकच फोटो आहे," सूनबाई म्हणाल्या, "ज्यात ते ताठ उभे राहिलेले नाहीत."

तो चार बाय सहाचा प्रिंट मी ६०० डीपीआयवर स्कॅन केला. म्हणजे २४०० बाय ३६०० पिक्सेल. डाग काढले, उडालेला रंग जमेल तितका परत आणला. मग नेहमीचा प्रश्न आला. बेळगावच्या लेकीला हे फोटो बघायचे होते. मी तेव्हा एका मोफत संकेतस्थळावर बऱ्याच गिऱ्हाइकांचे अल्बम ठेवत असे. पैसे लागत नव्हते, जाहिराती कमी होत्या आणि लिंक छोटी होती. ते निवडताना मी एवढंच पाहिलं होतं. अल्बम चढवला आणि लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी लेकीने सायबर कॅफेत बसून सगळे फोटो पाहिले आणि तिथूनच आईला फोन केला. आजी मला जिन्यात भेटल्या तेव्हा माझा हात धरून उभ्या राहिल्या. मुंबईतल्या पावसाने नेलेलं बेळगावात परत मिळालं, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं, आणि म्हणून मी त्यांना सांगितलं, "आजी, आता काळजी नको. नेटवर आहेत म्हणजे कायमचे आहेत."

या वाक्यावर मी नंतर किती रात्री विचार केला असेल, त्याला गणती नाही.

माझ्या कॉम्प्युटरची डिस्क १६० जीबीची. ती सारखी भरायची. सहा-आठ महिने झाले की जुन्या गिऱ्हाइकांची फोल्डरं मी काढून टाकायची. त्यांच्याकडे मी दिलेली सीडी आहे, नेटवर अल्बम आहे, मग आपल्याकडे कशाला, असा हिशेब. तो हिशेब मला तेव्हा पक्का वाटत होता.

२०१६ च्या श्रावणात आजोबा गेले. तिसऱ्या दिवशी सूनबाई आल्या. "ताई, दहाव्याच्या आत फोटो हवाय. तो जेजुरीचा. बारा बाय अठरा करून द्या, भिंतीवर लावायला." त्यांनी सीडी आणली होती. सात वर्षं खाडीजवळच्या दमट हवेत कपाटात पडलेली ती सीडी माझ्याकडच्या दोन्ही ड्राइव्हवर फिरत राहिली, पण उघडली नाही. "मूळ प्रिंट असेल ना?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते घर रंगवताना टाकले हो. चिकटून खराब झाले होते. म्हटलं, तुम्ही नेटवर कायमचे ठेवलेत, मग हा कचरा कशाला."

मी अल्बम उघडला. फोटो होता. पडद्यावर छान दिसत होता, भंडाऱ्याचा पिवळा रंगही तसाच. जीव भांड्यात पडला. मग तो उतरवून घेतला आणि त्याची मापं पाहिली : ६८३ बाय १०२४.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना या आकड्यांत काही दिसणार नाही, म्हणून उलगडून सांगते. चांगल्या छपाईसाठी इंचाला तीनशे पिक्सेल लागतात, लांबून बघायच्या फोटोला दोनशेतही निभावतं. मी चढवलेल्या फोटोची लांब बाजू ३६०० पिक्सेलची होती. अठरा इंचांवर पसरली असती तरी इंचाला दोनशे मिळाले असते आणि भिंतीवर फोटो उत्तम दिसला असता. १०२४ अठरा इंचांवर पसरले तर इंचाला सत्तावन्न. चेहरा पिठासारखा होतो, डोळ्यांच्या जागी करडे चौकोन दिसतात. त्या संकेतस्थळाने मोफत खात्यातला प्रत्येक फोटो लहान करूनच ठेवून घेतला होता. त्यांच्या अटींमध्ये तशी एक ओळ होती. मी ती वाचली नव्हती.

रात्रभर जे जे येत होतं ते करून पाहिलं. हरवलेले पिक्सेल कारागिरीने परत येत नाहीत. तयार केलेला चेहरा गुळगुळीत दिसत होता, पण तो आजोबांचा राहत नव्हता. शेवटी पाच बाय सातचा प्रिंट काढला. त्यापेक्षा मोठा करण्यात अर्थ नव्हता. सकाळी सूनबाईंना सगळं खरं सांगितलं, माझी चूक होती तीही सांगितली. त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल ताई. हार लहान घेऊ."

त्यानंतर मी अटी वाचायला शिकले. मोफत जागा देणाऱ्या अनेक कंपन्यांचा इतिहासही वाचला, आणि ध्यानात आलं की माझ्यासारखा अनुभव जगभर कितीतरी जणांच्या वाट्याला आलाय. आपल्याकडे घरोघरी ज्यावर फोटो होते ते ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. पिकासाचे वेब अल्बम २०१६ मध्ये मिटले. २००३ पासून चाललेल्या फोटोबकेटने २०१७ मध्ये नियम बदलले : त्यांच्याकडे ठेवलेला फोटो दुसऱ्या संकेतस्थळावर दाखवायचा असेल तर वर्षाला ३९९ डॉलर. जगभरच्या पानांवरचे असंख्य फोटो एका फटक्यात दिसेनासे झाले. फ्लिकर २००४ मध्ये सुरू झालं. २०१३ मध्ये त्याने प्रत्येकाला एक टेराबाइट जागा मोफत दिली, आणि मालकी बदलल्यावर २०१८ च्या नोव्हेंबरात मोफत खात्याला एक हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. गूगल फोटोजने मे २०१५ मध्ये, फोटो थोडा दाबून ठेवायला तयार असाल तर हवे तितके ठेवा, असं सांगितलं. १ जून २०२१ पासून तेही थांबलं आणि नवे फोटो जीमेल, ड्राइव्ह यांच्यासह १५ जीबीच्या वाट्यात मोजले जाऊ लागले.

यात मला कुणाला बोल लावायचा नाही. फोटो हवेत राहत नाहीत. कुठेतरी यंत्रं लागतात, त्यांना वीज लागते, गारवा लागतो, राखणारी माणसं लागतात. त्याचे पैसे जाहिरातींतून येवोत, वर्गणीतून येवोत किंवा कंपनी वाढवण्यासाठी गुंतवणूकदारांनी ओतलेले असोत, ते कुठून येतात यावर ती मोफत जागा किती दिवस टिकणार हे अवलंबून असतं. मिरा रोडवर आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर राहिलो. त्या करारावर निदान तारीख असायची. अकरावा महिना जवळ आला की आम्ही नवी खोली बघायला लागायचो, आणि निघताना आमची भांडीकुंडी, आमचं कपाट जसं आणलं तसं आमच्याबरोबर यायचं. मोफत जागेच्या करारावर तारीख नसते. त्यामुळे तिथं जाताना आधी बाहेर पडायची वाट पाहून ठेवावी लागते. जागा किती मिळते, हा प्रश्न त्यानंतरचा.

आता गिऱ्हाईक बसलं की मी पहिलं विचारते, "फोटो दाखवायचे आहेत की सांभाळायचे आहेत?" ही दोन कामं वेगळी आहेत, आणि माझी चूक या दोन्हींना एक समजण्यात झाली होती. बेळगावच्या लेकीला बघण्यासाठी १०२४ पिक्सेल पुष्कळ होते. सांभाळण्यासाठी ते काहीच नव्हते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटोही असाच लहान होऊन जातो. लोक मात्र तोच 'मूळ फोटो' म्हणून मोठा करायला घेऊन येतात. मी त्यांना सांगते, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी पोचते.

दुसरा प्रश्न, "कोणी बघितलेलं चालेल?" आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एका मुलीचे स्थळासाठीचे फोटो घरच्यांनी एका मोफत जागी उघडे ठेवले होते आणि लिंक बायोडेटावर छापली होती. बायोडेटा किती हातांतून फिरतो! त्यातले दोन फोटो फोनने घरातच काढलेले. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या पोटात ती जागा अक्षांश-रेखांशांसह लिहिलेली असते. काही संकेतस्थळं ती माहिती काढून टाकतात, काही ठेवतात. मुलीच्या बाबांना मी त्यांच्याच मुलीचा फोटो नकाशावर आमच्या गल्लीत टेकलेला दाखवला. ते गप्पच झाले. त्याच दिवशी आम्ही तो अल्बम बंद केला, लोकेशन काढलं आणि फोटो फक्त ठरलेल्या माणसांनाच दिसतील असे ठेवले. लिंक असेल त्याला दिसणं आणि आपण नाव घातलेल्यालाच दिसणं, यातला फरक निवड करताना नीट पाहायला हवा, विशेषतः लेकीबाळींचे आणि लहान मुलांचे फोटो असतील तेव्हा.

उत्तनच्या एका कोळी मुलाची गरज याच्या अगदी उलट होती. त्याने चौक गावातल्या धारावी किल्ल्याचे आणि किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांचे सुंदर फोटो काढले होते आणि ते सगळ्या जगाने बघावेत, अशी त्याची इच्छा होती. त्याला मी विकिमीडिया कॉमन्सचं नाव सांगितलं. सप्टेंबर २००४ पासून ते चालू आहे, देणग्यांवर चालतं, आणि चढवलेली फाइल मूळ आकारात राहते. तिथे ठेवलेला फोटो मात्र कुणालाही वापरता येतो, अगदी धंद्यासाठीही. आपलं नाव देण्याची अट घालता येते. फोटो आपण स्वतः काढलेला हवा, नाहीतर काढणाऱ्याची परवानगी हवी, आणि घरगुती वाढदिवसांचं ते ठिकाण नाही. त्याला हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "लोकांनी वापरावेत म्हणूनच तर काढले." त्याच्यासाठी याहून चांगली जागा नव्हती.

आणि आमच्या मजल्यावर घरकामाला येणाऱ्या मावशी. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, एकच फोन, तोही मुलाने वापरून दिलेला. "फोन भरला, फोन भरला," म्हणत त्या नातवाचे फोटो पुसत होत्या. हे पाहिल्यावर मी त्यांना बसवून गूगल फोटोज लावून दिलं. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांच्यासाठी मोफत जागा हा मोठा आधार आहे, आणि तो नाकारायला सांगणं मला कधीच जमणार नाही. त्यांचे फोटो तीन-चार एमबीचे, १५ जीबीत साडेतीन-चार हजार सहज मावतात. मोठ्या कॅमेऱ्याने लग्न टिपलं तर दोन हजार फोटो होतात, आठ-आठ एमबी धरले तरी १६ जीबी, एका लग्नातच वाटा संपला. मावशींना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून दाखवली : ॲपमध्ये जाऊन फोटो पुसला तर तो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. फोन रिकामा करायचा असेल तर त्यासाठी वेगळं बटण आहे, ते फक्त फोनमधली प्रत काढतं. चुकून पुसलंच तर वर चढलेला फोटो साठ दिवस कचऱ्याच्या डब्यात असतो, तेवढ्यात मला सांगायचं. पुढे त्यांचा फोन लोकलच्या गर्दीत चोरीला गेला. नव्या फोनवर खातं उघडल्यावर नातू पडद्यावर आला, तेव्हा मावशींनी फोन कपाळाला लावला.

मात्र मावशींचा पासवर्ड त्यांच्या मुलालाही ठाऊक असेल, याची मी खात्री करून घेतली. दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हातारी माणसं जातात, त्यांचं खातं कुणी उघडत नाही, आणि फोटोही त्यांच्यामागून जातात. आपण काही काळ खातं उघडलं नाही तर त्यातली माहिती कुणाच्या हाती द्यावी, हे गूगलच्या खात्यात आधीच नोंदवता येतं. घराच्या नॉमिनेशनबद्दल बोलणारी आपली माणसं याबद्दल बोलत नाहीत. मी प्रत्येकाला विचारते.

एवढं झाल्यावर निवड करण्याआधी आम्ही एक परीक्षा घेतो. दहा मिनिटांचं काम आहे. एकच फोटो चढवायचा. मग तोच परत उतरवायचा. दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवून बघायचं : पिक्सेल तितकेच आहेत का, वजन तितकंच आहे का, काढल्याची तारीख शाबूत आहे का. नंतर पन्नास फोटोंचा अल्बम करून तो सगळा एकत्र उतरवता येतो का ते बघायचं, कारण एक-एक करून तीन हजार फोटो कुणी उतरवू शकत नाही. गूगलचा टेकआउट सगळं एका दमात देतो, पण काही माहिती फोटोत न राहता शेजारच्या वेगळ्या फाइलींत येते, तीही जपावी लागते. या परीक्षेत जी जागा पास होते ती घ्यायची, मग तिचं नाव काहीही असो. आणि पास झाली तरी एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, दुसरी दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे. बेळगावच्या लेकीकडे तेव्हा एक पेनड्राइव्ह पाठवला असता तर आजोबा आज भिंतीवर बारा बाय अठरात असते.

माझ्याकडे आता एक वही आहे. गिऱ्हाइकाचं नाव, फोटो कुठे ठेवले, कोणत्या मापात, खातं आणखी कुणाला माहीत आहे, शेवटचं कधी उघडून पाहिलं. नवरात्र संपलं, घराघरांत माळ्यावरची खोकी खाली उतरायला लागली की मी वही घेऊन बसते आणि एकेकाला फोन करते. "काकू, अल्बम उघडून बघा. उघडतोय ना? एक फोटो उतरवून बघा." काही जण कंटाळतात. बरेच जण उघडतात, आणि मग अर्धा तास त्या फोटोंबद्दलच बोलत राहतात. वहीतली पहिली नोंद त्या सूनबाईंच्या घराची आहे. जेजुरीच्या फोटोपुढे माप लिहिलेलं आहे, ६८३ बाय १०२४, आणि 'मूळ प्रिंट' या रकान्यात रेघ.

स्कॅन झाल्यावर जुने फोटो आता मी पिशवीत घालून परत देत नाही. लॅबमध्ये शिकले होते तसे दोन फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालते, जाड कागदाचं पाकीट करते, आणि पेनड्राइव्हच्या आधी ते पाकीट गिऱ्हाइकाच्या हातात देते. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं : फेकू नये.